एक डीबीच्या खाली: कानाच्या तयारीची नोंद, टप्पा तिसरा

आवाजाच्या पातळीतला बारीकसा फरक (तो डेसिबेलमध्ये, म्हणजे डीबीत मोजतात) नुसत्या कानाने ओळखण्याचा हा सराव. आधी सध्याची स्थिती. पिंक नॉइजवर (चाचणीसाठी वापरला जाणारा सलग खसखसणारा आवाज) १ डीबीचा फरक पक्का झाला आहे. ०.५ डीबी शांत वेळी जमतो, पण भर दुपारी हातचा सुटतो. गाण्यावर गाडी अजून १ डीबीपाशीच अडली आहे. या टप्प्यातलं सगळं काम याच फरकावर चाललं आहे.

एक गोष्ट आता स्पष्ट दिसते. १ डीबीच्या खाली कानाला 'मोठा' किंवा 'लहान' आवाज असा ऐकूच येत नाही. ऐकू येतो तो 'जवळचा', 'भरीव', 'स्वच्छ'. दोन हेडफोनांची किंवा दोन डॅकांची (डिजिटल फाइलचं ऐकण्याजोग्या संकेतात रूपांतर करणारी यंत्रं) तुलना करताना पातळी ०.१ डीबीपर्यंत जुळवून घ्यावी लागते ती याचसाठी. नाहीतर किंचित मोठा वाजणारा जिंकतो आणि आपण त्याच्या गुणांची यादी करत बसतो. अशी विशेषणं मनात उमटली की त्यांच्यामागची पातळी ओळखायची, हाच खरा सराव.

फाइली बनवताना काळजी घ्या, निम्मे घोटाळे इथेच होतात. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये मोनो ट्रॅकवर ५ सेकंदांचा पिंक नॉइज काढा, ॲम्प्लिट्यूड (तरंगाची उंची) ०.१ ठेवा. त्याच तुकड्याची प्रत करा आणि प्रतीवर 'ॲम्प्लिफाय' लावून उणे १ डीबी द्या. दुसरी फाइल नव्याने जनरेट करू नका. पिंक नॉइजची खालच्या पट्टीतली ऊर्जा सावकाश वरखाली होत असते, त्यामुळे दोन वेगळ्या छोट्या तुकड्यांची सरासरी पातळी मुळातच थोडी वेगळी निघते. अर्ध्या डीबीच्या सरावात एवढी चूक परवडत नाही. दोन्ही टोकांना १० मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) द्या, म्हणजे 'टक्' असा खुणेचा आवाज राहणार नाही. सेव्ह २४ बिट वेव्हमध्येच करा.

फरक पाडायचा तो नेहमी एका फाइलची पातळी कमी करून. बाजारातल्या बहुतेक गाण्यांची शिखरं आधीच शून्याला, म्हणजे डिजिटल फाइलच्या कमाल पातळीला टेकलेली असतात. अशा गाण्याला १ डीबी वाढवून दिला की क्लिपिंग होतं, म्हणजे शिखरं कापली जातात, आणि कान ती खरखर पकडतो. गुण भरघोस पडतात, पण पातळीचा सराव होतच नाही.

आकडे लक्षात असू द्या: १ डीबी म्हणजे तरंगाच्या उंचीत सुमारे १२ टक्के फरक, ०.५ डीबी म्हणजे ६ टक्के, ०.२ डीबी म्हणजे जेमतेम २.३ टक्के.

चाचणी फूबार२००० या प्लेअरच्या एबीएक्स कंपॅरेटरवर: दोन फाइलींपैकी लपवलेली कोणती वाजते आहे ते ओळखायचं. फेऱ्या १६, त्यात १२ बरोबर आल्या तरच पास. नुसत्या अंदाजाने तेवढ्या येण्याची शक्यता ३.८ टक्के असते. फेऱ्यांची संख्या आधी ठरवा, गुण चांगले दिसताहेत म्हणून मध्येच थांबू नका. रीप्लेगेन (फाइलींची पातळी आपोआप सारखी करणारी सोय) बंद हवं, नाहीतर ते मुद्दाम पाडलेला फरकच भरून काढतं. विंडोजमधलं 'लाउडनेस इक्वलायझेशन'ही बंद करा. फोनच्या बटणाने सराव करू नका, त्याची एकेक पायरी आपल्या कामासाठी फार मोठी असते.

आता गाणं का अडतं ते. आवाजाचा मोठेपणा कानात पूर्ण भरायला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. तबल्याचा 'ना' उमटल्याबरोबर उतरू लागतो, शिवाय एक 'ना' दुसऱ्याशी पातळीत तंतोतंत जुळत नाही. मग अर्धा डीबी तिथे कसा सापडणार? ठेक्यावर कान लावला की हरलात. गायकाने धरून ठेवलेला षड्ज किंवा हार्मोनियमचा लांब स्वर शोधा, त्यातला दीड सेकंदाचा तुकडा निवडा आणि तेवढाच लूपवर ठेवा. अख्खं कडवं ऐकून मग दुसरी फाइल लावणं निरुपयोगी आहे, कारण आवाजाची ताजी आठवण काही सेकंदच टिकते. तो तुकडा जमला की चार सेकंद, मग पूर्ण ओळ.

लांब स्वरावरही डग्ग्याची घुमक कमी झाल्यासारखी वाटली तर ती खूण वापरायला हरकत नाही. फ्लेचर आणि मन्सन या ध्वनिसंशोधकांनी १९३३ साली मांडलेल्या वक्रांमधून हेच दिसतं: पातळी उतरली की खर्जाचा मोठेपणा मधल्या पट्टीपेक्षा वेगाने घटतो. म्हणून कमी पातळीची फाइल 'पातळ' वाटते. मात्र ऐकण्याची पातळी दर बैठकीला तीच ठेवा, साधारण ७० डीबी. ती बदलली की ही खूणही बदलते.

फरक दोन्ही कानांना सारखाच द्या. एकाच चॅनलवर १ डीबी उतरवला तर आवाज लहान न होता बाजूला सरकतो, आणि ते ओळखणं ही वेगळी विद्या आहे. हेडफोनच्या गादीत चष्म्याची काडी अडकली तरी खर्ज गळतो आणि तोल जातो.

मुंबईत वेळ निवडणं हा सरावाचाच भाग आहे. निवासी भागासाठी नियमातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी, प्रत्यक्षात रस्त्यालगतच्या खोलीत ती पाळली जाणं कठीण. रुळांजवळ राहणाऱ्यांनी शेवटच्या लोकलनंतरची वेळ धरावी. पंखा बंद करा. मे महिन्यात ते सोसत नसेल तर दहा मिनिटांच्या बैठका घ्या. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना चाचणी नकोच, तो आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरतो आणि स्वराची शेपटी गिळतो. विसर्जनाला ढोल-ताशांजवळ उभे राहिलात तर त्या दिवशीचे गुण धरू नका. कानाचा उंबरठा, म्हणजे ऐकू येणारी सर्वांत कमी पातळी, तात्पुरता वर गेलेला असतो.

पुढचा टप्पा मिश्रणातला: बाकी वाद्यं तशीच ठेवून फक्त गायकाचा फेडर (पातळीची सरकपट्टी) हलवायचा. हे ऐकायला अवघड वाटतं, पण शेजारचा तंबोरा मोजपट्टीसारखा उपयोगी पडतो, त्यामुळे ०.५ डीबी इथे लवकर जमायला हवा. पायऱ्या २, १.५, १, ०.७, ०.५, ०.३५. लागोपाठ दोन बरोबर आले की एक पायरी खाली, एक चुकला की एक वर. या पद्धतीत गाडी साधारण ७१ टक्के बरोबर येणाऱ्या पायरीभोवती स्थिरावते. नोंद पाठवताना ती पायरी, हेडफोन, ऐकण्याची पातळी आणि वेळ एवढं लिहा.