टिबियाला स्वतःचा स्पीकर द्या

व्हर्च्युअल थिएटर ऑर्गनला (जुन्या सिनेमागृहांतल्या पाइप ऑर्गनचे आवाज संगणकावरून वाजवणाऱ्या वाद्याला) आठ-दहा स्पीकर लावायचे म्हटलं की बहुतेकांना वाटतं, आवाज मोठा हवा म्हणून. आवाजच मोठा करायचा असेल तर दोन चांगले स्पीकर पुरतात. बाकीचे लागतात ते वेगळ्या कारणासाठी. खऱ्या ऑर्गनमध्ये प्रत्येक पाइप स्वतंत्र वाजतो आणि सगळे आवाज एकत्र येतात ते थेट हवेत. संगणकावर तेच आवाज आधी एका तारेत मिसळतात आणि मग स्पीकरच्या एकाच शंकूला ते सगळे एकदम हलवावे लागतात. खरखर आणि गढूळपणा येतो तो इथूनच.

ऐकून खात्री करायची तर टिबिया (बासरीच्या जातीचा जाड, गोल आवाज) आणि स्ट्रिंग (व्हायोलिनसारखा बारीक आवाज) एकाच चॅनलवर, म्हणजे एकाच स्पीकरवर, ठेवा. डाव्या हाताने टिबियाचा खालचा सूर धरा आणि उजव्या हाताने स्ट्रिंगवर वरची कॉर्ड. टिबियामध्ये मूळ सूरच जवळपास सगळा असतो, त्यात ट्रेम्युलंट (सूर थरथरवणारी सोय) खोल. वूफरचा शंकू लांब पुढेमागे होतो आणि त्याच्यावर बसलेली स्ट्रिंग सोबत थरथरते. मग स्ट्रिंग दुसऱ्या स्पीकरवर न्या. सेटिंग तीच, सूर तेच, पण आवाज पुसून घेतल्यासारखा स्वच्छ होतो. म्हणून चॅनल कमी असतील तर पहिला हक्क टिबियाचा, मग व्हॉक्स ह्युमानाचा, म्हणजे माणसाच्या गळ्यासारख्या आवाजाचा. व्हायोल आणि व्हायोल सेलेस्ट हे स्ट्रिंगचे दोन आवाज एकमेकांशी मुद्दाम किंचित बेसूर लावलेले असतात, त्यांना दोन वेगळे स्पीकर द्या. त्यांची लाट खोलीत तयार झाली की रुंद वाटते, तारेत तयार झाली की नुसतं हेलकावणं ऐकू येतं.

आठ चॅनलची एक चालणारी मांडणी अशी: १ आणि २ टिबिया, ३ व्हायोल, ४ सेलेस्ट, ५ डायापेसन आणि फ्लूट, ६ व्हॉक्स आणि क्लॅरिनेट, ७ ट्युबा, ट्रम्पेट आणि पोस्ट हॉर्न, ८ वर झायलोफोन, ग्लॉकेनश्पील, ढोल-झांजा. नववा सबवूफर. सँपल सेटमध्ये (खऱ्या ऑर्गनच्या मुद्रित आवाजांच्या संचात) मेन आणि सोलो असे दोन चेंबर, म्हणजे पाइपांच्या खोल्या, असतील तर एका चेंबरचे सगळे स्पीकर एका बाजूला ठेवा. टिबियाचे दोन स्पीकर खोलीच्या दोन टोकांना ठेवले की धून टेबल टेनिसच्या चेंडूसारखी इकडून तिकडे उडते. दोन्ही शेजारी असू द्या.

एका रँकचे (एकाच जातीच्या पाइपांच्या रांगेचे) सूर अनेक स्पीकरवर वाटताना गंमत होते. साध्या चक्राकार वाटणीत सी पहिल्यावर, सी-शार्प दुसऱ्यावर, असं पुढे चालतं. ऑक्टेव्हमध्ये बारा सूर. २, ३, ४ आणि ६ या सगळ्यांनी बाराला भाग जातो, म्हणून तेवढे स्पीकर घेतले तर प्रत्येक सी एकाच स्पीकरवर पडतो. थिएटर ऑर्गनमध्ये तर एकच टिबिया १६, ८, ४ आणि २ फुटांवर (पाइपच्या लांबीचा आकडा निम्मा झाला की सूर एक ऑक्टेव्ह वर) एकदम वाजवायची पद्धत, म्हणजे वाटणी करून हाती काही येत नाही. पाच स्पीकर घ्या आणि हिशेब करून पाहा: ही चारही ऑक्टेव्ह चार वेगळ्या स्पीकरवर जातात, ऑक्टेव्हच्या आत फक्त पाच सेमीटोनचा फोर्थ आणि दहा सेमीटोनचा मायनर सेव्हन्थ एकत्र येतात. एका रँकवर पाच खर्चायचे नसतील तर सॉफ्टवेअरमध्ये ऑक्टेव्ह मोजून वाटणी करणारा पर्याय आहे का ते बघा. हाउप्टवेर्कच्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीत आणि मोफत मिळणाऱ्या ग्रँडऑर्गमध्ये चॅनलचे गट करता येतात.

खालचे सूर हा वेगळा डाव. १६ फुटी सी म्हणजे ३२.७ हर्ट्झ, पाच इंची वूफरच्या आवाक्याबाहेर. पण १६ फुटी ट्युबा किंवा डायाफोन नुसता सबवर टाकू नका, त्याची ओळख वरच्या हार्मोनिक्समध्ये असते. ८० हर्ट्झवर क्रॉसओव्हर ठेवून खालचा भाग सबला आणि वरचा मोठ्या स्पीकरला द्या. मग ई २, म्हणजे ८२.४ हर्ट्झचा सूर धरून सबचा फेज स्विच ० आणि १८० वर फिरवा. ज्या बाजूला सूर भरदार लागतो ती बरोबर. खोली ४ मीटर लांब असेल तर ४३ हर्ट्झच्या आसपास लाट उभी राहते, आणि १६ फुटी पेडलचा सर्वांत खालचा एफ नेमका तिथेच आहे. तो एकच सूर घुमतो आणि दोष विनाकारण सबला दिला जातो. सब भिंतीपासून सरकवून बघा. उरलंसुरलं व्हॉइसिंगमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या एकेका पाइपच्या सेटिंगमध्ये) त्या एका पाइपचा आवाज कमी करून भागतं.

इंटरफेस (संगणकातला आवाज स्पीकरांकडे पाठवणारी पेटी) घेताना ॲडॅटचा, म्हणजे अनेक चॅनल एका ऑप्टिकल तारेतून नेणाऱ्या जोडणीचा, हिशेब लक्षात असू द्या: एका ऑप्टिकल तारेतून ४८ किलोहर्ट्झला ८ चॅनल, ९६ ला फक्त ४. त्या तारेवर बाहेरची जादा पेटी जोडली की घड्याळ (क्लॉक) एकाचंच हवं. दोन्ही पेट्या स्वतःच्या क्लॉकवर राहिल्या तर दर काही सेकंदांनी टिक् असा आवाज येतो, आणि लोक तो सँपलमध्ये शोधत बसतात. ४८ ला ५१२ सँपलचा बफर (आवाज बाहेर पडण्याआधीचा साठा) म्हणजे १०.७ मिलिसेकंद उशीर, १०२४ चा २१.३. पहिला बोटांना पटतो, दुसरा जलद वाजवताना बोचतो. डीएसपी (आवाजावर आतच डिजिटल प्रक्रिया करणारी चिप) असलेले आणि नसलेले स्पीकर मिसळू नका, डीएसपीवाला काही मिलिसेकंद मागे राहतो.

सगळ्या तारा बॅलन्स्ड (बाहेरची घुंघुं रोखणाऱ्या), सगळे स्पीकर एकाच वीजफळीवर. घुंघुं आली तर एकेक तार काढून कोणत्या यंत्रामुळे येते ते शोधा, अर्थची पिन कधीही तोडू नका.

पातळी कानाने जुळवू नका. प्रत्येक चॅनलवर आळीपाळीने तेवढाच पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा फुसफुसाट) सोडा, आवाज मोजायचा मीटर सी वेटिंग आणि स्लो या सेटिंगवर ठेवून वाजवायच्या जागी धरा, ७५ डेसिबल येईपर्यंत त्या स्पीकरचा गेन फिरवा. फरक १ डेसिबलच्या आत हवा. एकाच स्पीकरची धन-ऋण तार उलटी असेल तर मीटर काही सांगत नाही. शेजारच्या स्पीकरसोबत एकच मोनो सूर वाजवल्यावर खालचा आवाज पातळ झाला तर समजायचं.

स्पीकर तुमच्याकडे रोखू नका. थिएटरमध्ये आवाज झडपांतून, जाळीमागून येतो. भिंतीकडे किंवा छताकडे तिरपे केले की तसा पसरतो. कोरड्या, म्हणजे खोलीच्या घुमाऱ्याविना मुद्रित केलेल्या, सँपलना रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) लागतो, पण तो त्याच स्पीकरमध्ये घोळला की इतक्या खटाटोपाने वेगळे केलेले आवाज पुन्हा एकत्र होतात. मागे दोन छोटे स्पीकर लावा आणि त्यातून फक्त रिव्हर्ब सोडा, इतका हळू की बंद केल्यावरच त्याची उणीव कळावी.