वितरकाची सवय आणि सल्लागाराची परीक्षा

एप्रिल २०२५ मधल्या एका शनिवारी दुपारी परीक्षा केंद्रातल्या संगणकाच्या पडद्यावर गुंतवणूक सल्लागाराच्या परीक्षेतले माझे गुण उमटले : १५० पैकी ८६.५०. उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, म्हणजे ९० गुण हवे होते. साडेतीन गुणांनी परीक्षा हुकली होती, आणि ज्या विषयात ती हुकली तो विषय गेली अकरा वर्षे माझ्या पोटापाण्याचा होता, याची लाज गुणांपेक्षा अधिक वाटली. घरी फोन न करता मी बसने इंदूरच्या राजवाड्यापर्यंत आले आणि तेथून रामबागेपर्यंत पायी गेले, कारण घरच्यांना काय सांगायचे ते ठरवायला तेवढा वेळ हवा होता.

इंदूरमध्ये मी म्युच्युअल फंडांची वितरक म्हणून काम करीत आले. त्यासाठी लागणारी एनआयएसएमची (रोखे बाजारातल्या व्यवसायांच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची) पाच-ए क्रमांकाची परीक्षा मी केव्हाच दिली होती. ती १०० गुणांची, ५० टक्क्यांना उत्तीर्ण करणारी आणि चुकीच्या उत्तरासाठी काहीही न कापणारी परीक्षा आहे. वितरकाला ग्राहक काही देत नाही. फंड कंपनी त्याला ट्रेल कमिशन, म्हणजे गुंतवणूक टिकून असेपर्यंत मिळत राहणारे कमिशन, देते आणि ते अखेर ग्राहकाच्याच गुंतवणुकीतून खर्च म्हणून वजा होत असते. गुंतवणूक सल्लागाराचे काम याहून निराळे. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०१३ च्या नियमांनुसार सल्लागार ग्राहकाकडून उघड शुल्क घेतो, कमिशन घेत नाही, आणि एकाच व्यक्तीला सल्लागारही राहता येत नाही आणि वितरकही. पूर्वी या नोंदणीसाठी पदव्युत्तर शिक्षण आणि पाच वर्षांचा अनुभव या दोन्ही अटी होत्या. माझ्यापाशी अनुभव होता, पण शिक्षण बी.कॉम.वर थांबलेले. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने अटी सैल केल्या, संबंधित विषयातील पदवी पुरेशी ठरली, आणि जानेवारीत मी एक्स-ए, म्हणजे सल्लागाराच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेसाठी ३००० रुपये भरून नाव नोंदवले.

हे मी शेजारी सांगितले तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मुलाने विचारले, "काकू, म्हणजे तुम्ही पण टिप्स देणार का?" प्रश्नात खोडी नव्हती. इंदूरमध्ये ‘ॲडव्हायझरी’ हा शब्द ऐकला की लोकांना विजयनगरच्या बाजूची ती कार्यालये आठवतात, जिथून पंचवीस-पंचवीस तरुण दिवसभर देशभर फोन लावून अमुक शेअरमध्ये तमुक नफ्याची खात्री देत असत. सेबीने इंदूरच्या अशा अनेक सल्लागार संस्थांविरुद्ध आदेश काढले आहेत. नफ्याची हमी देणे हे या व्यवसायात सरळ नियमबाह्य आहे, हे त्या मुलाला समजावून सांगताना मला जाणवले की ज्या परवान्यासाठी मी अभ्यास करीत होते त्याच्याबद्दल माझ्याच गल्लीत आदर नव्हता, आणि तो नसण्याला कारणही होते.

अभ्यासाची सुरुवात मी चुकीची केली. नोंदणी केल्यावर एनआयएसएमचे अधिकृत पुस्तक पीडीएफ स्वरूपात मिळते, पण पडद्यावर वाचणे मला जमत नाही, म्हणून खजुरी बाजारातून एक जुनी छापील प्रत आणली. तीन आठवडे ती रंगवून झाल्यावर लक्षात आले की कराचे आकडे जुने आहेत. शेअर आणि इक्विटी फंडांवरच्या दीर्घकालीन नफ्याला तीत १० टक्के कर आणि एक लाखाची सूट होती. २३ जुलै २०२४ पासून तो दर १२.५ टक्के आणि सूट सव्वा लाख झाली आहे, अल्पकालीन नफ्यावरचा दरही १५ वरून २० टक्के झाला आहे. विशेष म्हणजे ग्राहकांना मी रोज नवेच दर सांगत होते, पण पुस्तकात जुना आकडा दिसला की हात मुकाट्याने तोच अधोरेखित करीत होता. मग नव्या पुस्तकाची शेवटी छापील प्रत काढून घेतली. ज्यांना ही परीक्षा द्यायची आहे त्यांनी मुखपृष्ठावरील तारीख पाहिल्याशिवाय पहिले पान उलटू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन.

गणिताची मला भीती नव्हती, आणि तिथेच मी अधिक वेळा घसरले. निवृत्तीच्या निधीचे एक साधे उदाहरण घेऊ. आज महिन्याला ४०,००० रुपये खर्च असलेल्या कुटुंबाला १५ वर्षांनी, महागाई ६ टक्के धरली तर, महिन्याला सुमारे ९५,८६२ रुपये, म्हणजे वर्षाला साडेअकरा लाख लागतील. निवृत्तीनंतर २० वर्षे जगायचे आहे आणि निधीवर ८ टक्के परतावा मिळणार आहे, तर निधी किती हवा? माझी पहिली चूक अशी की आठातून सहा वजा करून मी खरा परतावा दोन टक्के धरीत असे. तो तसा काढायचा नसतो, १.०८ ला १.०६ ने भागावे लागते आणि उत्तर १.८९ टक्के येते. दुसरी चूक अधिक बारीक होती. पैसे वर्षाच्या शेवटी काढायचे असे धरले तर निधी सुमारे १ कोटी ९० लाख येतो, सुरुवातीला काढायचे धरले तर सुमारे १ कोटी ९४ लाख. सराव प्रश्नांत ही दोन्ही उत्तरे पर्यायांत हजर असत आणि मी शांतपणे पहिले निवडीत असे. दूधवाला, किराणा आणि औषधे वर्ष संपायची वाट पाहत नाहीत, हे प्रत्येक गृहिणीला माहीत असते. पैसे वर्षाच्या सुरुवातीला निघतात हे स्प्रेडशीटला सांगणारा सूत्रातला शेवटचा तो ‘एक’ घालायचे मात्र मला पन्नासदा विसरायला झाले. त्या वर्षी रंगपंचमीला गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, निघाली तेव्हा राजवाड्याच्या बाजूचे सगळे रस्ते बंद होते, बाहेर पडणे शक्यच नव्हते, आणि तो पूर्ण दिवस मी या एका प्रकारच्या गणितांवर घालवला. त्यानंतर ती चूक झाली नाही.

खरी अडचण प्रसंगावर आधारित प्रश्नांची होती. एका सराव संचात असा प्रसंग होता : बेचाळीस वर्षांचा नोकरदार, दोन मुले, क्रेडिट कार्डाची मोठी थकबाकी, मुदतीचा आयुर्विमा नाही, आणि हाती सहा लाखांचा बोनस आला आहे, त्याला प्रथम काय सुचवाल? मी हायब्रिड, म्हणजे शेअर आणि कर्जरोखे यांच्या मिश्र, फंडाचा पर्याय निवडला आणि मनात त्याचे समर्थनही तयार होते. बरोबर उत्तर होते, आधी कार्डाची थकबाकी फेडावी. असे एकदा नव्हे, वारंवार झाले. आपत्कालीन निधी, विमा, कर्जफेड किंवा "सध्या काहीच करू नये" असे उत्तर असलेले प्रश्न माझे चुकत, आणि उत्पादन निवडायचे असलेले प्रश्न बहुतेक बरोबर येत. वितरकाला कर्ज फेडण्यावर कमिशन मिळत नाही. अकरा वर्षांत मी कोणालाही मुद्दाम फसवले नाही, असे मी अजूनही म्हणेन. पण कोणत्या प्रश्नापासून विचार सुरू करायचा याची सवय मला कमिशननेच लावली होती, आणि ती या सरावाने उघडी पाडली.

त्याच सुमारास आणखी एक गणित मी हातांनी केले आणि दोन दिवस कामात लक्ष लागले नाही. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक म्युच्युअल फंडाचा डायरेक्ट प्लॅन असतो. त्यात वितरकाचे कमिशन नसल्यामुळे खर्च कमी असतो. मी काम सुरू केले ते त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे हा पर्याय मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. दोन प्लॅनच्या परताव्यात वर्षाला एक टक्क्याचा फरक धरला आणि दहा लाख रुपये वीस वर्षे ठेवले, तर १२ टक्क्यांनी सुमारे ९६ लाख ४६ हजार होतात आणि ११ टक्क्यांनी सुमारे ८० लाख ६२ हजार. मधले पावणेसोळा लाखांहून अधिक रुपये ही माझ्या सेवेची किंमत होती का, आणि असेल तर तेवढी सेवा मी दिली का, याचे उत्तर काही ग्राहकांच्या बाबतीत मी निःशंकपणे ‘होय’ असे देऊ शकते. सगळ्यांच्या बाबतीत नाही.

तर एप्रिलमध्ये नापास होऊन घरी आले. यजमानांनी "पुन्हा दे" एवढेच म्हटले. अभियांत्रिकीला असलेला मुलगा मात्र खोदून विचारू लागला. किती प्रश्न सोडलेस? मला आठवत होते, कारण कोरे ठेवताना मी बोटांवर मोजले होते : ३१ गुणांचे. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी २५ टक्के कापतात, या भीतीने जिथे पूर्ण खात्री नव्हती ते सगळे मी सोडून दिले होते. त्याने कागदावर उलटे गणित मांडले. ११९ गुणांचे प्रश्न सोडवले आणि ८६.५० मिळाले, म्हणजे ९३ गुणांची उत्तरे बरोबर आणि २६ गुणांची चूक, ज्यांचे साडेसहा कापले गेले. मग म्हणाला, "आई, चारपैकी एक पर्याय जरी तू खात्रीने खोडू शकली असतीस, तरी उरलेल्या तिघांतून डोळे मिटून निवडल्यावर सरासरीने दर गुणामागे एक-षष्ठांश गुण पदरात पडतो. ३१ चे पाच. साडेशहाऐंशी अधिक पाच किती?" साडेएक्याण्णव. शिवाय बहुतेक प्रश्नांत मला दोन पर्याय खोडता येत होते. जी बाई लोकांना जोखीम आणि परतावा समजावून पोट भरते, तिने फायद्याची जोखीम ओळखलीच नव्हती. मी त्याच्यावर चिडले. कागद मात्र जपून ठेवला.

जूनमध्ये पुन्हा ३००० रुपये भरले. तीन तासांपैकी पहिला पाऊण तास केवळ प्रसंगांवर घातला, प्रत्येक प्रसंगात आधी कर्ज, विमा आणि आपत्कालीन निधी शोधला, आणि एकही पर्याय खोडता येत नव्हता तेवढेच प्रश्न सोडले. १०३.२५ गुण मिळाले.

दुसऱ्या पातळीची एक्स-बी परीक्षा तितक्याच गुणांची आणि तशाच नियमांची आहे, पण विषय निराळे : विमा, निवृत्ती, कर, वारसा आणि माणसांचे आर्थिक वर्तन. या शेवटच्या विषयात कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेला विचार वाचताना मला हसू आवरले नाही. तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख माणसाला अधिक टोचते, आणि ते टाळण्यासाठी तो फायद्याचे व्यवहारही नाकारतो. एप्रिलमधली माझी कोरी उत्तरे म्हणजे याचेच उदाहरण होते. मुलाच्या कागदावर मी मागाहून ‘लॉस ॲव्हर्जन’ हे त्याचे नाव लिहून टाकले.

वारशाचे प्रकरण मी पुस्तकापेक्षा आत्याकडून शिकले. तिच्या यजमानांनी डीमॅट खात्यावर आपल्या पुतण्याचे नाव नॉमिनी म्हणून लावले होते, मृत्युपत्र केले नव्हते, आणि ते गेल्यावर शेअर आता पुतण्याचेच झाले असे घरात सगळे धरून बसले होते. तिला मूलबाळ नाही, सासूबाई हयात नाहीत. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ प्रमाणे ती एकटीच पहिल्या वर्गातली वारस. नॉमिनी शेअर ताब्यात घेतो, पण त्यामुळे मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीतही स्पष्ट केले आहे. पुतण्या भला निघाला. वकिलाकडे एकदाच जाऊन काम झाले. मी स्वतः अकरा वर्षे फॉर्मवर नॉमिनीचा रकाना भरून घेत होते आणि मृत्युपत्राचे कधी विचारले नव्हते, हे मात्र आत्याला सांगायचे धाडस झाले नाही. ऑक्टोबरमध्ये एक्स-बी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाले.

या दोन प्रमाणपत्रांनी परवाना मिळत नाही, एवढे नव्याने तयारी करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. ती नोंदणीच्या अर्जासोबत जोडायची कागदपत्रे आहेत. १५० ग्राहकांपर्यंत एक लाखाची ठेव तारण म्हणून ठेवावी लागते, आणि माझ्यासारखीला अर्जाच्या आधी वितरकाचे काम सोडण्याची तयारी करावी लागते. ठरीव शुल्काची कमाल मर्यादा एका कुटुंबामागे वर्षाला १,५१,००० रुपये आहे. रामबागेत तेवढी रक्कम ऐकून कोणी चहासुद्धा पुढे करणार नाही. मी ६,००० पासून सुरुवात करायचे ठरवले आहे. गेल्या महिन्यात माझ्या ६२ ग्राहकांना एकेक करून घरी जाऊन सांगितले की यापुढे मी कमिशन घेणार नाही, तुमच्याकडून शुल्क घेईन आणि तुमची गुंतवणूक डायरेक्ट प्लॅनमध्ये नेण्याआधी त्यावर किती कर लागेल तेही मोजून देईन. एकोणीस जणांनी होकार दिला. एका निवृत्त मास्तरांनी चष्मा पुसत विचारले, "म्हणजे आजवर तुम्हाला पैसे कोण देत होते?" मी त्यांना त्यांच्याच खात्याचा उतारा उघडून दाखवला.