घरातली लागण मोजताना घराबाहेरचा संसर्ग

२०२२च्या जानेवारीत मुंबईत दिवसाला २० हजारांवर कोरोना रुग्ण सापडत होते, तेव्हा आमच्या घरात आधी मला आणि तीन दिवसांनी माझ्या बहिणीला लागण झाली. नोंदीत मी पहिला रुग्ण आणि ती माझी निकट सहवासित, त्यामुळे तिला ती माझ्याकडूनच झाली असे सगळ्यांनी धरले. पण त्याच आठवड्यात ती रोज गर्दीच्या लोकलने कामावर जात होती.

घरातील प्रसार मोजण्याची रूढ रीतही असेच धरून चालते. पहिला रुग्ण सापडल्यावर ठरावीक मुदतीत, बहुधा १४ दिवसांत, उरलेल्या माणसांपैकी किती टक्के बाधित झाली याला दुय्यम लागण दर म्हणतात, आणि ती बाधा कुठून आली हे या भागाकारात कुठेच विचारले जात नाही.

समजा, घरातल्या रुग्णाकडून लागण होण्याची खरी शक्यता २० टक्के आहे. त्याच मुदतीत बाहेरून लागण होण्याची शक्यता १ टक्का असेल, तर दर जेमतेम २१ टक्के दिसेल; पण बाहेरची शक्यता १० टक्के झाली, की दोन्हींतून सुटणारे ०.८ गुणिले ०.९, म्हणजे ७२ टक्केच उरतात आणि दर २८ टक्क्यांवर जातो. विषाणू तोच, घरेही तीच.

मला याहून गंभीर वाटतो तो लसीच्या मोजणीवरचा परिणाम. लस घेतलेल्या रुग्णाकडून होणारी लागण निम्म्यावर, म्हणजे १० टक्क्यांवर येते असे मानले, तर बाहेरच्या त्याच १० टक्क्यांमुळे २८ विरुद्ध १९ अशी तुलना हाती येते आणि ५० टक्क्यांचा खरा लाभ ३२ टक्केच भासतो. ऐन लाटेत, जेव्हा लोकांना लसीविषयी नेमके सांगायला हवे असते, तेव्हाच ती कमी गुणकारी दिसते, आणि याची मला फार हळहळ वाटते.

यावर उपाय जुना आहे. इरा लाँजिनी आणि जेम्स कूपमन या संशोधकांनी १९८२ मध्ये, इन्फ्लुएंझाच्या संदर्भात, घरातून आणि समाजातून होणारी लागण एकाच गणिती प्रारूपात वेगवेगळी काढण्याची पद्धत मांडली. तिच्यात एकही रुग्ण नसलेली घरेही मोजली जातात, कारण बाहेरचा धोका किती होता हे तीच घरे सांगतात. केवळ रुग्ण सापडलेली घरे निवडणाऱ्या अभ्यासाला ही माहिती वेगळी मिळवावी लागते. पाठपुराव्याची मुदत आखडली तर बाहेरची भर कमी होते खरी, पण घरातल्या उशिरा झालेल्या लागणीही निसटतात. घरातल्या दोन रुग्णांच्या विषाणूंचा जनुकक्रम तपासला आणि तो जुळला नाही, तर एकाची लागण दुसऱ्याकडून झालेली नाही हे कळते, आणि अशा काही जोड्या वेगळ्या काढता येतात. मात्र लाट भरात असताना शहरभर जवळपास एकसारखाच विषाणू फिरत असतो, त्यामुळे दोघांचे नमुने जुळले तरी एकाने दुसऱ्याला लागण दिली असे ठरत नाही.