तुम्ही विचारलंत म्हणून: घोडा दुप्पट भावाला गेला, मग पैसे कुठे गेले?

पुण्यात पावसाळी रेसचा सीझन सुरू झाला की नातेवाइकांपैकी कोणीतरी फोनवर हमखास विचारतं, "तुमच्या ओकालात म्हणे सप्टेंबरात घेतलेलं शिंगरू एप्रिलात दुप्पट भावाला जातं. आपणही थोडे पैसे घालावेत का?" फ्लोरिडातल्या या गावात मी घोड्यांच्या फार्मचे हिशेब लिहिते, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो.

दुप्पट भाव येतो, हे खरं आहे. सगळ्यांना येतो असं नाही आणि आला तरी हातात काय उरतं, ही गोष्ट निराळी.

केंटकीत कीनलँड या लिलावगृहाच्या सप्टेंबरच्या लिलावात वर्ष-दीड वर्षाची शिंगरं घ्यायची. ट्रकने ओकालाला आणायची, खोगीर आणि स्वार यांची सवय लावायची, पळायला शिकवायचं आणि मार्च-एप्रिलात दोन वर्षांचे घोडे म्हणून पुन्हा लिलावात उभे करायचे. हे दोन वर्षांचं वयही कागदोपत्रीच. उत्तर गोलार्धात शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचं वय १ जानेवारीला वाढतं. मेमध्ये जन्मलेलं पिल्लू मार्चच्या लिलावात बावीसच महिन्यांचं असतं.

आता हिशेब. आकडे समजण्यापुरते आहेत, पण हवेतले नाहीत. शिंगरू ५०,००० डॉलरला घेतलं. फार्मचा रोजचा दर ६० डॉलर धरा, म्हणजे २१० दिवसांचे १२,६००. लोकांना वाटतं हा पैसा लसूणघास आणि ओटमध्ये जातो. चारा त्यात फार नसतो. खरा खर्च माणसांचा: सईस, रोज सकाळी पाठीवर बसणारा स्वार आणि त्या स्वाराचा अपघात विमा. या विम्याचं बिल पाहून नवे फार्मवाले दोनदा चश्मा पुसतात. नालबंद, लशी, जंताचं औषध, दातांचा डॉक्टर यांचे ३,०००. वाहतूक १,०००. शिंगरू मेलं तर भरपाई देणारा विमा ४ टक्क्यांनी २,०००. लिलावाची नोंदणी, पायांचे एक्स-रे, नाकातून दुर्बीण घालून केलेली घशाची तपासणी, आवारातला मुक्काम असे ३,५००. भांडवल कर्जाचं असेल तर ८ टक्क्यांनी सात महिन्यांचं व्याज २,३००. बेरीज ७४,४००. वर विक्रीवर लिलावगृहाचे ५ टक्के आणि घोडा लिलावात उभा करणाऱ्याचे ५. म्हणजे ५० हजारांचं शिंगरू ८२,७०० ला गेलं तर तुमची नुसती बरोबरी होते. एक लाखाला गेलं तर १५,६०० उरतात.

आणि ३० हजारांनाच गेलं तर? ४७,४०० चा खड्डा. दुप्पट भावाला गेलेल्या तीन घोड्यांची मिळकत ४६,८००. एका मंद घोड्याने तिघांची कमाई खाल्ली, वर सहाशे अंगावर आले.

असा मंद ठरतो कसा? लिलावाआधी प्रत्येक घोडा बहुधा फर्लांगभर, म्हणजे दोनशे मीटर, एकटा पळवून दाखवतात आणि सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत वेळ मोजतात. दहा सेकंदांत आलेल्याभोवती गर्दी, त्याहून अर्धा सेकंद जास्त घेतलेल्याकडे बहुतेक जण ढुंकून पाहत नाहीत. पुढे मैलभर पळायचंय त्या जनावराची किंमत फर्लांगावर ठरवणं मला कधी पटलेलं नाही, पण मी हिशेबनीस. या अर्ध्या सेकंदापायी कोवळ्या हाडांवर जोर येतो. सकाळी फार्मवर गेलं की ट्रेनर पुढच्या पायांच्या नडगीवरून तळवा फिरवताना दिसतो. नडगी गरम लागली की काही आठवडे विश्रांती. मार्चचा लिलाव हुकला, जूनची वाट पाहा, रोजचे ६० चालूच. मला हे कोणी सांगायच्या आधी कळतं, कारण डॉक्टरच्या बिलात 'पुढचा डावा पाय, एक्स-रे' अशी ओळ येते.

सगळे दाखला देतात 'द ग्रीन मंकी'चा. ४,२५,००० ला घेतलेलं हे शिंगरू फर्लांग ९.८ सेकंदांत पळालं आणि २००६ मध्ये १ कोटी ६० लाख डॉलरला गेलं. पुढे तीन शर्यती पळालं, एकही जिंकलं नाही. मला जास्त बोलका वाटतो तो 'नायक्विस्ट'. २०१४ च्या सप्टेंबरात २,३०,००० ला आणि पुढच्या मार्चमध्ये ४,००,००० ला विकला गेला. दुप्पटही नाही. तयार करून विकणाऱ्याचा हिशेब तिथे मिटला. २०१६ ची केंटकी डर्बी, म्हणजे अमेरिकेतली सगळ्यांत मानाची शर्यत, त्याने जिंकली ती नव्या मालकाच्या नावावर.

तर पैसे घालावेत का? एकाच घोड्यात अजिबात नको. आठ-दहा घोड्यांच्या भागीदारीत, बुडाले तरी घरात कोणी बोलणार नाही इतकेच घाला. त्याआधी तीन वर्षांचा हिशेब मागा, आणि त्यात लिलावापर्यंत पोहोचलेच नाहीत किंवा राखीव भाव (त्याखाली विकायचा नाही असा आधी ठरवलेला) न आल्यामुळे परत आणले, ते घोडे धरलेत का ते बघा. परत आलेल्या घोड्याचा रोजचा दर कोण भरतं, तेही करारात शोधा. तो तुम्हीच भरता.