घंटाचोर

शाळेच्या स्मरणिका समितीचा फोन आला, "अंडरवर्ल्डचं काहीतरी थरारक लिही." मी 1988 च्या दहावीचा, पुढे तीसेक वर्षं मुंबईत क्राइम रिपोर्टर. थरार म्हणाल, तर निम्मी नोकरी सेशन्स कोर्टाच्या व्हरांड्यात पुढची तारीख ऐकण्यात गेली. उरलेली, एफआयआर बघायला मिळेपर्यंत ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर ताटकळण्यात.

मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं गेली. टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालच्या न्यायालयाचा निकाल 2006-07 मध्ये लागला : 100 दोषी, 23 निर्दोष. शंभरांवर आम्ही रकानेच्या रकाने भरले. सुटलेल्यांपैकी एकाचंही नाव मला आज पटकन सांगता येणार नाही.

'मिड-डे' दैनिकाचे पत्रकार ज्योतिर्मय डे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे जे. डे. खबऱ्यांच्या दुनियेवर 'झीरो डायल' हे पुस्तक लिहिलेला माणूस. 11 जून 2011 ला भरदुपारी पवईत, मोटारसायकलवरून जाताना त्यांना गोळ्या घातल्या. 2018 मध्ये छोटा राजनसह नऊ जणांना जन्मठेप झाली. याच खटल्यात जिग्ना व्होरा ही पत्रकारही आरोपी होती. अटक झाली 2011 मध्ये, निर्दोष सुटली 2018 मध्ये. मधल्या काळात तिच्याबद्दल काय काय छापून आलं! वाचताना मला आपल्या शाळेची घंटा आठवायची.

आठवीत असताना एका सोमवारी ती पितळी घंटा जागेवर नव्हती. भित्तिपत्रकाचा संपादक मीच. शनिवारी संध्याकाळी शिपाईमामा पोतं घेऊन फाटकाबाहेर पडताना एका पोराने पाहिले होते. झालं! 'घंटाचोर घरातलाच?' असा लाल शाईतला मथळा. नाव नव्हतं, पण शाळेत शिपाई एकच. (प्रश्नचिन्ह टाकलं की आपण सुटलो, ही समजूत नंतर मोठ्यामोठ्या संपादकांकडेही पाहिली.)

घंटेची कडी तुटली होती. हेडसरांनीच ती डाग द्यायला तांबटाकडे पाठवली होती, मामांच्याच हाती.

मराठीच्या सरांनी मला मारलं नाही. कागद भिंतीवरून उतरवला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मामांना वाचता येत नाही. जा, वाचून दाखव."

पाण्याच्या टाकीजवळ मामा तपेली घासत बसले होते. मी उभ्याउभ्या वाचत गेलो. 'पोतं' या शब्दापाशी आवाज फुटेना, तर ते म्हणाले, "वाच की." मी शेवटपर्यंत वाचलं. त्यांनी राखेचा हात धोतराला पुसला, कागद मागून घेतला, थोडा वेळ उलटाच धरून पाहिला.

"अक्षर बरं हाय तुजं," म्हणाले, आणि तास भरायची वेळ झाली म्हणून उठले.