दीड लाखावरून जुंपली

आज ऑफिसात इन्व्हेस्टमेंट प्रूफ द्यायची शेवटची तारीख, त्यामुळे चहावर जुंपलीच. एक म्हणे, ८०सीची (पीएफ, पीपीएफ, मुलांची ट्यूशन फी अशा रकमा करपात्र उत्पन्नातून वजा करू देणाऱ्या आयकर कलमाची) मर्यादा २०१४ पासून दीड लाखावरच अडकलीय, ह्या सरकारला नोकरदार दिसतच नाही. दुसरा उसळला: तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी २००५ साली एक लाख केली, मग पुढची नऊ वर्षं तुमचंच सरकार होतं ना, तेव्हा का नाही वाढवली? दोघंही खरंच बोलत होते, म्हणून तर आवाज चढले! आपल्याकडे कराचे स्लॅब (उत्पन्नाचे टप्पे) आणि अशा मर्यादा महागाईशी कायद्याने बांधलेलेच नाहीत. हात न लावणं सगळ्यांनाच सोयीचं. नवीन करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर नाही, खरंय, पण तिथे ८०सीच नाही. मी आपली लेकाच्या शाळेच्या ट्यूशन फीची पावती स्टेपल केली. पीएफ आणि ही पावती, एवढ्यातच दीड लाख संपले. पीपीएफचं पासबुक तसंच ड्रॉवरमध्ये ठेवलं.