तुम्ही विचारलंत म्हणून: पऱ्हाटीच्या पानातलं पाव वळण

पोळ्याला गावी गेलो की पारावर हा प्रश्न ठरलेला. यवतमाळ जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव आमचं. काका सगळ्यांदेखत म्हणतात, "डॉक्टर झाला म्हणतेत, पण ताप आला तं गोळी देत नाही. मंग शिकला तं काय शिकला बाप्पा?" तुम्ही परवा तेच जरा सभ्य भाषेत विचारलंत, म्हणून लिहितो.

मी रसायनशास्त्रातला डॉक्टर. माझा विषय ॲलीन नावाचे कार्बनचे रेणू आणि त्यांची लांबट भावंडं, क्युम्युलीन. कार्बनला चार हात. दोन कार्बन एकमेकांना दोन-दोन हातांनी धरतात तो दुहेरी बंध. ॲलीनमध्ये तीन कार्बन ओळीत आणि मधल्याचे चारही हात गुंतलेले, दोन इकडे, दोन तिकडे. क्युम्युलीनमध्ये ही साखळी आणखी पुढे जाते.

यंदा काकांना दाखवायचंच ठरवलं. मातीचे बैल घडवून उरलेल्या गाऱ्याचे तीन गोळे केले, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काडीत ओवले आणि टोकांच्या गोळ्यांत बाभळीचे काटे खोचले. गोळे म्हणजे कार्बन, काटे म्हणजे टोकांच्या उरलेल्या हातांना जोडलेले अणू किंवा अणूंचे गट. एका टोकाला एक काटा वर, एक खाली. दुसऱ्या टोकाला एक डावीकडे, एक उजवीकडे.

"हे वाकडं काहून लावलं?" काकांनी लगेच पकडलं.

तिथेच सगळी गंमत आहे. मधल्या कार्बनचे दोन दुहेरी बंध एका पातळीत बसत नाहीत, दुसरा पहिल्याशी काटकोनात वळतो. चौथा गोळा ओवला की आणखी एक पाव वळण, आणि दोन्ही टोकं पुन्हा एका पातळीत. म्हणजे दुहेरी बंध सम असले की टोकं आडवी-उभी, विषम असले की सपाट. आडव्या-उभ्यात प्रत्येक टोकाचे दोन काटे वेगवेगळे असतील, तर त्या रेणूची आरशातली प्रतिमा त्याच्यावर बसत नाही, डावी चप्पल उजव्या पायात बसत नाही तशी. डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी हे १८७५ मध्ये नुसत्या विचाराने सांगितलं. प्रयोगशाळेत ते मेटलंड आणि मिल्स यांनी सिद्ध केलं १९३५ मध्ये. साठ वर्षं! दरम्यान १८८७ मध्ये बर्टन आणि फॉन पेखमान ॲलीन असूच शकत नाही हे दाखवायला बसले आणि नकळत तेच बनवून बसले. मला हे दोघे फार आवडतात.

साखळी लांबली की रेणू टिकत नाही, चटकन कशाशीही जुळतो. मग टोकांना मोठाले गट बसवून त्याला राखावं लागतं.

"बरं, पण हे सापडते कुठं?" काका.

पारामागच्याच वावरातून पऱ्हाटीचं पान तोडून आणलं. हिरव्या पानात निओझँथिन नावाचं पिवळं द्रव्य असतं, हिरव्याखाली झाकलेलं. त्याच्या एका टोकाशी ॲलीन बसलेलं आहे. पावसाने ताण दिला की झाड अशा द्रव्यांचे तुकडे करतं आणि एका तुकड्यापासून ॲब्सिसिक आम्ल बनवतं. ते पानाची रंध्रं मिटवून पाणी राखतं. प्रामाणिकपणे सांगायचं तर ॲलीन त्या तुकड्यात जात नाही, ते दुसऱ्या तुकड्यात मागे राहतं. असाच एक छोटा ॲलीन तुकडा १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या नाकतोड्याच्या फेसात सापडला. डिवचलं की तो नाकतोडा फेस सोडतो.

ॲब्सिसिक आम्ल वेगळं काढलं गेलं ते १९६३ मध्ये, कपाशीच्याच कोवळ्या बोंडांतून. बोंडं का गळतात याचा शोध चालला होता. म्हणून नावही तसंच, ॲब्सिशन म्हणजे गळणं. पुढे कळलं की गळतीत मोठा हात इथिलीन या वायूचा, पण नाव पडलं ते पडलं.

बोंडगळ म्हटल्यावर काका सावरून बसले. "मंग तुह्या त्या ॲलीनची फवारणी केली तं पाते गळाचे थांबतीन का?"

"नाही काका."

त्यांनी पान खाली ठेवलं, गोळ्यातला उभा काटा उपसून आडवा खोचला आणि म्हणाले, "आता सरळ दिसते."